अपडेटनंतर खिडकी काळी: जीटीके ४ चा रेंडरर आणि आपणच घालून ठेवलेली ओळ

लक्षणं आधी. लिनक्सवर मोठं अपडेट झालं. मशीन नीट सुरू होतं, डेस्कटॉप येतो, ब्राउझर चालतो. पण टेक्स्ट एडिटर, फाइल मॅनेजर किंवा सेटिंग्ज उघडलं की खिडकीची चौकट तेवढी येते आणि आत काळा चौकोन. कुणाकडे काळा चौकोन नसतो, पण माउस हलवला की खिडकी लुकलुकते. कुणाकडे सगळं दिसतं, फक्त अक्षरं अशी की आधी चष्मा पुसून बघावा. आणि वैताग याचा की हे मागे एकदा झालं होतं, कुठल्यातरी फाइलीत कुठलीतरी ओळ घातल्यावर थांबलं होतं, आणि आता परत आलंय.

ही तक्रार मी गेल्या दीड-दोन वर्षांत सात-आठ मशीनवर पाहिली. निम्म्याहून जास्त ठिकाणी दोषी निघाली ती मागच्या खेपेला घातलेली ओळच. त्यातली एक तर माझ्याच हातची होती.

एप्रिल २०२५, सकाळी साडेसात. काकांचा फोन. काका निवृत्त शिक्षक, शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर एका जुन्या लॅपटॉपवर टाइप करत बसतात. लॅपटॉपवर लिनक्स मीच टाकून दिलेलं.

"अरे, तुझं ते परत बिघडलं. लिहायचं उघडलं की पाटी येते, पण काळी. खडू आणू का?"

"काका, टर्मिनल उघडा. ते काळं असलं तरी चालतं."

मग मी सांगायला लागलो आणि ते एकेक अक्षर परत म्हणत टाइप करायला लागले: एको, स्पेस, डॉलरचं चिन्ह, मग मोठ्या लिपीत जी, एस, के, मग खालची रेघ. "खालची रेघ म्हणजे?" शून्याच्या उजवीकडची किल्ली, शिफ्ट दाबून. मग रेंडरर, तेही मोठ्या लिपीत. एंटर. (खालच्या सगळ्या आज्ञा मी तशाच, फोनवर सांगाव्यात तशा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

"जी एल असं आलंय. बरोबर आहे का?"

मी जरा गप्प बसलो. ते जीएल मी बरोबर वर्षापूर्वी तिथे लिहिलं होतं, अक्षरं अस्पष्ट दिसतात अशी तक्रार आली म्हणून.

आता नेमकं काय बदललं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचे उपाय म्हणजे अंगारा-धुपारा.

जीटीके ही खिडक्या, बटणं, मेनू काढणारी लायब्ररी. मूळची जिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेली, पुढे नोम डेस्कटॉपचा पाया झाली. जीटीके ३ पर्यंत रंगकाम बहुतांशी कायरो नावाची लायब्ररी प्रोसेसरवर करायची. डिसेंबर २०२० मध्ये जीटीके ४ आली आणि हे काम जीएसके या तिच्या नव्या भागाकडे गेलं. प्रोग्रॅम म्हणतो इथे बटण, इथे सावली, इथे ओळभर मजकूर. जीएसके त्याची यादी करते आणि रेंडरर ती यादी ग्राफिक्स चिपकडून रंगवून घेतो. वेग वाढला, पण तेव्हापासून ग्राफिक्स ड्रायव्हरला शिंक आली की सर्दी टेक्स्ट एडिटरला होते.

मार्च २०२४ ची ४.१४ आली त्यात रेंडरर नव्याने लिहिलेला होता. एकाच सामायिक पायावर दोन: एक ओपनजीएलसाठी (चिपला काम सांगायची जुनी भाषा), त्याचं नाव एनजीएल, आणि एक व्हल्कनसाठी (त्याच कामाची नवी भाषा). न सांगता वापरला जाणारा झाला एनजीएल. जुना जीएल काढला नाही, मागायचा तर मिळत होता. सप्टेंबर २०२४ च्या ४.१६ मध्ये वेलँडवर (खिडक्या पडद्यावर मांडणारी नवी व्यवस्था, जुनी ती एक्स११) व्हल्कन पहिल्या पसंतीचा झाला. आणि मार्च २०२५ च्या ४.१८ मध्ये जुना जीएल कायमचा गेला आणि एनजीएलचं नाव बदलून जीएल ठेवलं.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ४.१४ वर "जीएसके_रेंडरर=जीएल" या ओळीचा अर्थ होता "मला नवा नको, जुना द्या." तीच ओळ, एक अक्षर न बदलता, ४.१८ वर म्हणते "मला नवाच द्या, व्हल्कन नको." दुकानाचा मालक बदलला, पाटी तीच राहिली. काकांच्या मशीनवर हेच झालं होतं. नव्या ओपनजीएल रेंडररचं त्या जुन्या चिपशी जमत नव्हतं आणि माझी ओळ मशीनला त्याच्याकडेच ढकलत होती. ओळ काढली, लॉगआउट करून परत आत आलो, जीटीकेने स्वतःहून व्हल्कन निवडला आणि स्मरणिका पुढे सरकली. दुरुस्ती म्हणाल तर एक ओळ खोडणं.

काहींनी त्या काळात एनजीएल असं लिहून ठेवलं होतं. त्यांचं थोडं बरं आहे. नवी जीटीके टर्मिनलमध्ये सांगते की या रेंडररचं नाव आता जीएल झालंय, आणि पुढे चालू लागते. पण तो इशारा टर्मिनलमधून उघडलं तरच दिसतो. मेनूतून उघडणाऱ्याला कोण सांगणार?

हे सगळं मार्च आणि सप्टेंबरमध्येच का होतं, तर नोमच्या आवृत्त्या सहा महिन्यांनी येतात आणि जीटीके त्यांच्याबरोबर. उबुंटू, फेडोरा महिनाभर मागून, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे पाडवा झाला की एक लाट आणि दसरा-दिवाळीला दुसरी. डेबियनवाल्यांचं गणित वेगळं: डेबियन १२ मध्ये जीटीके ४.८ होती, डेबियन १३ मध्ये थेट ४.१८. वरचे तिन्ही बदल त्यांना एकाच रात्रीत भेटले, आणि म्हणून त्यांच्या तक्रारी सगळ्यांत गोंधळाच्या असतात.

तपासणी

पहिली गोष्ट, बिघडलेला प्रोग्रॅम जीटीके ४ चाच आहे ना? फायरफॉक्स जीटीके ३ वर आहे. ज्या जिंपसाठी ही लायब्ररी जन्माला आली ती जिंप स्वतः मार्च २०२५ मध्ये कुठे जीटीके ३ वर पोचली, त्यामुळे ती या भानगडीत नाही. फायरफॉक्स आणि जिंप नीट आणि नोमचे नवे प्रोग्रॅम काळे, अशी वाटणी दिसली तर आपण योग्य रस्त्यावर आहोत.

खात्रीसाठी जीटीकेचा इन्स्पेक्टर, म्हणजे आतली माहिती दाखवणारी खिडकी, उघडा: त्या खिडकीत असताना कंट्रोल-शिफ्ट-डी, किंवा टर्मिनलमधून "जीटीके_डीबग=इंटरअॅक्टिव्ह" लावून प्रोग्रॅम चालवा. पहिल्याच पानावर जीटीकेची आवृत्ती, जीडीके बॅकएंड (खिडकी वेलँडवर आहे की एक्स११ वर) आणि जीएसके रेंडरर लिहिलेला असतो. खिडकी काळी असेल तर इन्स्पेक्टरही बहुधा काळाच उघडेल, मग आधी खालच्या पद्धतीने कायरोवर चालवून तिथून उघडा. रेंडररच्या जागी कायरो दिसेल हे धरून चाला, बाकीची माहिती खरीच असते.

मग एकेक रेंडरर. टर्मिनलमध्ये "जीएसके_रेंडरर=हेल्प" लावून कुठलाही जीटीके ४ प्रोग्रॅम चालवला की तुमच्या आवृत्तीत कोणकोणते आहेत त्याची यादी छापून येते. जुन्या लेखांवर विसंबण्यापेक्षा ही यादी बघा, वर सांगितलंच का ते. नंतर हेल्पच्या जागी कायरो, जीएल, व्हल्कन असं एकेक घालून बघा.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात दोनदा पडलोय. जीटीकेचे बरेच प्रोग्रॅम एकाच प्रतीत चालतात. फाइल मॅनेजर मागे आधीपासून चालू असेल तर टर्मिनलमधून कितीही नवे व्हेरिएबल ("जीएसके_रेंडरर=जीएल" सारख्या ओळी) लावून उघडा, टर्मिनल फक्त आधीच्या प्रतीला हाक मारतं आणि ती जुन्याच रेंडररने खिडकी दाखवते. मग माणूस म्हणतो, "तिन्ही लावून पाहिले, काही फरक नाही." फरक पडायला प्रोग्रॅम आधी पूर्ण बंद पाहिजे. नॉटिलस या नोमच्या फाइल मॅनेजरसाठी "नॉटिलस -क्यू". बाकीच्यांसाठी सिस्टिम मॉनिटरमध्ये नाव शोधून थांबवा. फक्त फुलीचं बटण दाबून भागत नाही.

निकाल असा वाचायचा. कायरो नीट आणि बाकी दोन्ही बिघडलेले: संशय ड्रायव्हरवर किंवा कर्नलवर (लिनक्सचा गाभा). फक्त व्हल्कन बिघडलेला: व्हल्कनचा ड्रायव्हर किंवा जीटीकेतला व्हल्कनचा भाग. टर्मिनलमध्ये मेसाकडून (लिनक्सवरचे ग्राफिक्सचे मुक्त ड्रायव्हर) "व्हल्कन सपोर्ट इज इनकम्प्लीट" असा इशारा आला तर कोडं बरंचसं सुटलं. इंटेलच्या आयव्ही ब्रिज आणि हॅसवेल पिढीच्या चिपवर तो इशारा हमखास येतो, ड्रायव्हर स्वतःच आपलं अपुरेपण कबूल करतोय. उलट टर्मिनलभर "व्हीके_सबऑप्टिमल_केएचआर" अशा ओळी दिसल्या तर दचकू नका. खिडकीचा आकार आणि चित्रासाठी राखून ठेवलेली जागा तंतोतंत जुळत नाही एवढंच त्यात म्हटलेलं असतं, काम चालू राहतं. लोक हीच ओळ शोधत दोन दिवस घालवतात.

आणि कायरोसकट सगळे बिघडलेले असतील तर रेंडररला सोडा. होम फोल्डरमधल्या डॉट कॉन्फिगच्या आत जीटीके-४.० नावाचा फोल्डर बघा. कधीकाळी बसवलेल्या थीमची जीटीके डॉट सीएसएस फाइल तिथे पडून असते आणि लिबअद्वैता (जीटीके ४ वरची नोमची लायब्ररी) वापरणाऱ्या प्रोग्रॅमांची दर अपडेटला वाट लावते. नाव बदलून बाजूला ठेवा आणि पुन्हा बघा.

जुन्या ओळी कुठे दडलेल्या असतात

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कंटाळवाणा. "एन्व्ह" ही आज्ञा चालवून आलेल्या यादीत जीएसके, जीडीके आणि जीटीके ही तीन नावं शोधा. काही सापडलं तर ते कुठून आलं ते हुडकायचं.

ईटीसी फोल्डरमधली एन्व्हायर्नमेंट ही फाइल. होममधली डॉट प्रोफाइल. डॉट कॉन्फिगच्या आतला एन्व्हायर्नमेंट डॉट डी हा फोल्डर. तिथल्या फाइली लॉगिन करताना वाचल्या जातात, म्हणून बदलानंतर लॉगआउट हवंच. डॉट लोकल, शेअर, अॅप्लिकेशन्स या वाटेने गेलात तर तुम्ही कधीतरी कॉपी करून बदललेल्या डॉट डेस्कटॉप फाइली, ज्यांच्या एक्झेक ओळीत एन्व्ह आणि पुढे व्हेरिएबल असतं. ही शेवटची जागा "एन्व्ह"च्या यादीत दिसतच नाही, त्यामुळे एकच प्रोग्रॅम बिघडलेला असेल तर आधी तिथे जा. फ्लॅटपॅकचे, म्हणजे सिस्टिमपासून वेगळे, आपल्या लायब्ररींसकट बसणारे प्रोग्रॅम असतील तर "फ्लॅटपॅक ओव्हरराइड --युजर --शो" आणि पुढे प्रोग्रॅमचा आयडी. तिथे घातलेलं सेटिंग प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला तरी राहतं.

"जीडीके_बॅकएंड=एक्स११" ही त्याच कुळातली दुसरी ओळ. कधीतरी स्क्रीन शेअर होत नव्हती म्हणून घातलेली. आता वेलँडवर १२५ किंवा १५० टक्के आकार ठेवलात की तो प्रोग्रॅम एक्सवेलँड या दुभाष्यामधून येतो, त्याचं चित्र ताणलं जातं आणि सगळं धुरकट दिसतं. लोक फॉन्ट बदलत बसतात. एक्स११ चा आधार ४.१८ पासून कालबाह्य म्हणून जाहीर झालाय. जीटीके ४ मधून तो काढलेला नाही, पण त्यावर नवं घर बांधू नये.

शिरोरेषेचं काय?

धुरकट अक्षरांची तक्रार मराठी लिहिणाऱ्यांकडून जरा जास्त येते, आणि त्याला कारण आहे. रोमन अक्षरांत उभ्या रेघा जास्त. आपल्याकडे ओळभर एक आडवी रेघ. अक्षराला उभ्या दिशेने पिक्सेलच्या जाळ्यात बसवलं नाही, म्हणजे हिंटिंग बंद असलं, की शिरोरेषा पिक्सेलच्या दोन ओळींच्या मध्ये पडते आणि एका काळ्या रेघेऐवजी दोन करड्या रेघा उमटतात. दुसरं असं की जीटीके ४ अक्षराची जागा पूर्ण पिक्सेलवर नेऊन बसवत नाही, पिक्सेलच्या अंशावरही ठेवते. प्रत्येक अक्षर वेगळं रंगवलेलं, त्यामुळे एकाची शिरोरेषा जिथे संपते आणि दुसऱ्याची सुरू होते तिथे कधीकधी फिकट किंवा गडद ठिपका दिसतो. "महाराष्ट्र" शब्द मोठा करून बघा, म आणि ह यांच्या मधे. दाट पिक्सेलच्या पडद्यावर हे जाणवत नाही. साध्या १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर, जे आपल्याकडे अजून ढिगाने आहेत, ते डोळ्यांत खुपतं.

यावर ४.६ पासून एक उपाय होता: जीटीके-४.० फोल्डरमधल्या सेटिंग्ज डॉट आयएनआय फाइलीत सेटिंग्ज या मथळ्याखाली "जीटीके-हिंट-फॉन्ट-मेट्रिक्स=१". बऱ्याच जणांनी घातला. मग ४.१६ मध्ये "जीटीके-फॉन्ट-रेंडरिंग" हे नवं सेटिंग आलं. ते आपोआप वर असलं, आणि मुळात ते तसंच असतं, की पडद्याची घनता आणि आकार बघून जीटीके स्वतः ठरवते. हिंटिंगच्या बारीक सेटिंग्जना मान द्यायचा असेल तर ते मॅन्युअल करावं लागतं. म्हणजे पुन्हा तीच गत. ओळ जागेवर, अर्थ सरकलेला. "पूर्वी चालायचं, आता चालत नाही" अशी तक्रार असेल तर आधी जुनी ओळ काढून आपोआपवर कसं दिसतं ते बघा. नाहीच आवडलं तर मॅन्युअल आणि हलकं हिंटिंग. माझं मत विचाराल तर त्या १३६६ च्या पडद्यावर मॅन्युअलच बरं.

लायब्ररी, ड्रायव्हर की कर्नल?

अपडेट एकदम तिघांना बदलतं, म्हणून दोष कुणाचा ते वेगळं काढावं लागतं. दोन स्वस्त चाचण्या आहेत. मशीन सुरू होताना ग्रबच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडा. त्यावर सगळं नीट चाललं तर जीटीकेला शिव्या देणं थांबवा. दुसरी, तोच प्रोग्रॅम फ्लॅटपॅकमधून बसवून बघा. फ्लॅटपॅकचा प्रोग्रॅम आपली जीटीके आणि आपला मेसा ड्रायव्हर सोबत घेऊन येतो, कर्नल फक्त तुमचा वापरतो. नोमचा ४६ वा रनटाइम (फ्लॅटपॅकच्या प्रोग्रॅमांचा सामायिक लायब्ररी-संच) ४.१४ घेऊन येतो, ४७ वा ४.१६, ४८ वा ४.१८. सिस्टिममधला बिघडलेला आणि फ्लॅटपॅकचा नीट, असं दिसलं की कर्नल सुटला. उलट फक्त फ्लॅटपॅकचेच बिघडलेले असतील आणि तुमचा ड्रायव्हर बंदिस्त, कंपनीचा असेल, तर "फ्लॅटपॅक अपडेट" चालवा. त्या ड्रायव्हरची फ्लॅटपॅकमधली प्रत सिस्टिममधल्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते आणि सिस्टिमचं अपडेट ती आपोआप बदलत नाही.

एवढं करून बोट जीटीकेकडेच दाखवत असेल आणि तुमची तयारी असेल, तर कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटचं बायसेक्ट. लायटिंगची माळ पेटत नाही तेव्हा आपण एकेक बल्ब तपासत नाही, मधोमध तपासतो. इकडचा अर्धा जिवंत, तर बिघाड तिकडे. ४.१६.० चांगली आणि ४.१८.० वाईट असं सांगितलं की गिट मधला बदल काढून देतं, तो मेसन या बांधणीच्या साधनाने बांधायचा, चालवायचा, चांगलं किंवा वाईट सांगायचं. हजार बदल असले तरी दहा फेऱ्यांत नेमका एक हाती येतो. पहिली बांधणी वेळ खाते, पुढच्या भराभर होतात. फक्त नवी बांधलेली लायब्ररी सिस्टिमवर बसवू नका, वेगळ्या फोल्डरात ठेवा. बरोबर येणारा जीटीके ४ डेमो त्यातूनच चालवून बघा.

हे जमणार नसेल तरी तक्रार नोंदवता येते. नोमच्या गिटलॅबवर जीटीकेच्या नोंदी असतात. इन्स्पेक्टरच्या पहिल्या पानावरची माहिती, "व्हल्कनइन्फो --समरी"चं उत्तर, आणि तिन्ही रेंडररवर वेगवेगळं काय दिसलं ते लिहा. फोटो मोबाइलवरून काढा. स्क्रीनशॉटमध्ये लुकलुकणं येत नाही, आणि कधीकधी काळी खिडकी स्क्रीनशॉटमध्ये नीट दिसते, मग तुमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

तोवर काम चालवायचं तर रेंडरर एकट्या त्या प्रोग्रॅमपुरता बांधा, सगळ्या सत्रासाठी नाही. फ्लॅटपॅकचा असेल तर आणखी सोपं: "फ्लॅटपॅक रिमोट-इन्फो --लॉग"ने जुन्या प्रतींची यादी मिळते, "फ्लॅटपॅक अपडेट --कमिट"ने त्यातल्या चांगल्या प्रतीवर परत जाता येतं आणि "फ्लॅटपॅक मास्क"ने ती तिथेच थांबते. काकांचा स्कॅनिंगचा प्रोग्रॅम मी असाच थांबवलाय. फाइलीत काही लिहावं लागलंच तर वरती हॅशचं चिन्ह देऊन तारीख, जीटीकेची आवृत्ती आणि कारण लिहितो. मास्कला मात्र अशी टीप जोडायला जागा नाही. ती तारीख काकांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लाल पेनने लिहून ठेवलीय: "स्कॅनर मोकळा करणे. पुतण्याला फोन."